एका हाताचा मिक्सर

माझ्या नवऱ्याला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, त्यानंतर भेटायला येणाऱ्यांनी दोनच गोष्टी आणल्या: शहाळी आणि सल्ले. शहाळी आम्ही प्यायलो. सल्ला सगळ्यांचा एकच होता. साउंडचा धंदा बंद करा, पावणे एमआयडीसीतला गाळा भाड्यानं द्या, आता आराम. मला हा 'आराम' शब्द ऐकला की डोक्यात तिडीक जायची. माणूस पन्नाशीचाही नाही, पाय सुधारलेला, जीभ पूर्वीइतकीच तिखट, फक्त उजव्या हाताची बोटं ऐकेनात, आणि त्याला म्हणे आराम करू द्या.

नवरा भजन, कीर्तन, शाळांचे कार्यक्रम, पूजांचे मांडव अशा ठिकाणी साउंड लावायचा. डीजेच्या भानगडीत तो कधी पडला नाही. "छाती हलवायची असेल तर डॉक्टरकडे जा, माझ्याकडे कान घेऊन या," असं तो गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायचा. त्यामुळे गिऱ्हाइकं मोजकी होती, पण चिवट होती.

त्याचा जीव होता तो एका जुन्या डिजिटल मिक्सरवर. एक स्टुडिओ बंद पडताना त्यानं तो सेकंडहँड घेतला होता. पलंगाएवढं धूड. प्रत्येक माइकला एक उभी सरकपट्टी, जिला सगळे फेडर म्हणतात. आवाज वाढवायचा तर फेडर वर, कमी करायचा तर खाली. या फेडरांच्या पोटात बारीक मोटरी होत्या, त्यामुळे एकदा ठरवून दिलेली मांडणी मशीन लक्षात ठेवायचं आणि सांगितल्यावर सगळे फेडर आपापल्या जागी स्वतः चालत जायचे. वीस वर्षांपूर्वी हे नवल होतं. आता त्याचा छोटा स्क्रीन पाणचट झाला होता, आणि त्याच्याबरोबर आलेला कॉम्प्युटरचा प्रोग्राम ज्या विंडोजवर चालायचा ती विंडोज आता कुठला कॉम्प्युटर दारात उभी करत नाही.

तब्येत सावरल्यावर मी त्याला पहिल्यांदा गाळ्यावर घेऊन गेले. टेम्पो मीच चालवला, कारण तोवर मी तेही शिकले होते. त्यानं मिक्सरवरची चादर काढली, मशीन चालू केलं, आणि एका माइकचा आवाज दुरुस्त करायला गेला. त्या मशीनवर अर्धी कामं अशी होती की डाव्या हातानं एक बटण दाबून धरायचं आणि उजव्यानं गोल खुंटी फिरवायची. मशीन बनवणारे माणसाला दोन हात असणार हे धरूनच चालले होते. त्याचा उजवा हात पुढे आला, बोटं भलत्याच बटणावर पडली आणि स्पीकर असा किंचाळला की शेजारच्या लेथवाल्यानं काम थांबवून डोकं आत घातलं. नवऱ्यानं मशीन बंद केलं, चादर पुन्हा घातली, चारी कोपरे नीट ओढले आणि म्हणाला, "विकून टाकू."

त्या दिवशी मी हट्टाला पेटले. मी महापेच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर लिहिते. विम्याचे दावे का नाकारले हे लोकांना सभ्य भाषेत कळवणारं सॉफ्टवेअर, असं समजा. या कामानं कुणाचं भलं झाल्याचं मी ऐकलेलं नाही. मला वाटलं, हीच अक्कल एकदा घरच्या कामाला लावून बघू. दोन हातांची कामं एका बोटावर आणायची. मिक्सर तोच, आवाज तोच, फक्त मधे माझं सॉफ्टवेअर आणि एक टॅबलेट.

"नवा टचस्क्रीनवाला का नाही घेत?" असं ज्यानं त्यानं विचारलं. किंमत हे एक कारण होतंच. पण खरं कारण नवऱ्यानं सांगितलं. "काचेवर बोट ठेवून मला काय कळणार? फेडर बोटाला सांगतो तो कुठं आहे ते. मला बुवांच्या तोंडाकडे बघायचं असतं, स्क्रीनकडे नाही." सांगितलं आणि वर्तमानपत्र उघडून माझ्याकडे पाठ करून बसला. माझ्या उद्योगाला त्यानं नाव ठेवलं होतं, 'उंटावरून शेळ्या हाकायचं सॉफ्टवेअर.'

शनिवार-रविवार आम्ही पावण्याला जायला लागलो. करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीत मी सुट्टीच्या दिवशी मिक्सरचं काम करते हे कळल्यावर एक शेजारीण चटणीचं भांडं घेऊन आली होती, पातं बसवून द्या म्हणून. गाळ्यात एका बाजूला लेथची घरघर, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके बनवणारे, आणि वाऱ्याबरोबर कुठल्या तरी कारखान्याचा आंबूस वास. मी मिक्सरच्या पाठीत वायर खुपसून लॅपटॉपला जोडली. एखादा फेडर हलवला की मशीन त्या वायरीतून आकडे ओकायचं. कुठला आकडा म्हणजे कुठला माइक, कुठला म्हणजे किती वर, हे बघत बसायचं. माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानांवर त्याचा तक्ता होता, पण तो अशा माणसानं लिहिला होता ज्याला कुणी वाचेल अशी आशा नसावी.

मशीन म्हातारं होतं. आकडे भराभर पाठवले की त्याचा घास अडकायचा आणि ते सरळ थिजायचं. मग मी एकेक घास, मधे दम घेऊन, असं भरवायला शिकले. ऑफिसात माझं सॉफ्टवेअर वेगासाठी नावाजलेलं. इथे मला ते हळू करायला नाकी नऊ आले. कितीदा वाटलं, बास, द्यावं भंगारात. पण चादरीचे ते नीट ओढलेले कोपरे आठवले की पुन्हा बसायचे.

एका रविवारी दुपारी पहिल्यांदा जमलं. टॅबलेटवर बोट टेकवलं आणि सगळे फेडर एका ओळीत सरसर वर गेले. मोटरींचा बारीक आवाज ऐकून नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. तो उठला, जवळ आला आणि म्हणाला, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. त्यानं डावा तळहात फेडरांवर अलगद ठेवला आणि ते हाताखालून वर जाताना डोळे मिटून उभा राहिला. मला हुंदका आला. मी तो खोकल्यात घातला.

त्यानंतर मात्र त्यानं माझा जीव खाल्ला. हे बटण मोठं कर, ते काढ, हा रंग डोळ्यावर येतो, हे आत कशाला लपवलंस? ऑफिसातले माझे साहेब परवडले. एका गोष्टीवर तो अडून बसला. "फेडर माझे. टॅबलेटवर फेडर नकोत. जिथं दोन हात लागतात तेवढंच तुझं." आमची भांडणं ऐकून लेथवाल्यानं एकदा काळजीनं चहा पाठवला होता.

पहिला कार्यक्रम मिळाला तो डबलबारीचा. शिरवण्याच्या एका आगरी गाववाल्याच्या चाळीत बरीचशी कोकणातली बिऱ्हाडं होती. दरवर्षी ते पूजा घालायचे आणि संध्याकाळी डबलबारी भजनाचा सामना ठेवायचे. मांडवात दोन मंच, दोन बुवा, दोघांची आपापली पेटी, पखवाज, झांजा आणि कोरस. आधी एका बुवांची बारी, मग दुसऱ्यांची. भजन तर गायचंच, पण गाता गाता समोरच्या बुवाला चिमटे काढायचे, प्रश्न घालायचे, आणि समोरच्यानं शेराला सव्वाशेर व्हायचं. माणसं येतात ती यासाठी. आणि प्रत्येक माणूस कुठल्या तरी एका बुवाचा असतो.

मी नवऱ्याला विचारलं होतं, "बारी बदलताना तू नक्की काय करतोस?" तो म्हणाला, "ह्यांची बारी संपली की ह्यांचे माइक खाली, त्यांचे वर." झालं. मी एक मोठं बटण केलं आणि त्यावर लिहिलं, बारी बदल. दाबलं की एका बाजूचे सगळे फेडर खाली, दुसरीकडचे वर.

शिवाय मी माझ्या मनानं एक राखण घातली. नवऱ्याचा उजवा हात दमला की मिक्सरच्या उजव्या अंगावर टेकायचा आणि नकळत एखादा फेडर पुढे ढकलला जायचा. दुसऱ्या बुवांचे माइक नेमके तिथेच होते. म्हणून ज्यांची बारी चालू नाही त्या बसलेल्या बाजूचा फेडर धक्क्यानं वर सरकला तर सॉफ्टवेअरनं तो परत खाली ओढायचा. नवऱ्याला मी सांगितलं की मांडवात कुणाचाही धक्का लागतो, त्यासाठी आहे. तो फक्त "हं" म्हणाला. गाळ्यात रिकाम्या खुर्च्या मांडून आम्ही तालीम केली. सगळं बिनबोभाट चाललं.

सामना संध्याकाळी सहाला सुरू झाला. दहाला स्पीकर बंद करावे लागतात, म्हणून मंडळाचे कार्यकर्ते घड्याळ बघत फिरत होते. नवरा मिक्सरपुढे बसला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. पहिले बुवा पंचेचाळिशीचे, गोरेपान, आवाज खणखणीत. त्यांचं स्तवन झालं, गजर झाला, मांडव डोलायला लागला. नवऱ्याचा डावा हात फेडरांवर फिरत होता, डोळे बुवांच्या तोंडावर. किती महिन्यांनी मी त्याला तसा बघत होते. मला वाटलं, जिंकलं.

गवळणीच्या मधेच पहिले बुवा थांबले, समोरच्या मंचाकडे वळले आणि म्हणाले, "समोरच्या बुवांच्या पेटयेक हवा कमी पडता हा. बुवा फुगले हत, पेटी नाय!" मांडव हसला. समोरचे बुवा वयानं मोठे, अंगानं खरंच भरलेले. त्यांनी शांतपणे आपला माइक उचलला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. बुवांचे ओठ हलले आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

त्यांनी माइकवर टिचकी मारली. तरी काही नाही. नवऱ्याचा डावा हात झटकन उजवीकडे गेला, त्यानं बुवांचा फेडर वर ढकलला. फेडर सरसर खाली आला. त्यानं पुन्हा ढकलला. पुन्हा खाली. माझी राखण इमानेइतबारे काम करत होती.

"माइक बंद केलो!" मागून कुणीतरी ओरडलं. "साउंडवालो त्येंच्याच गावचो हा!" माझा नवरा साताऱ्याकडचा. त्यानं कोकण बघितलं ते एकदाच, आणि तेही घाटात गाडी लागलेली असताना. पण डबलबारीच्या मांडवात असलं स्पष्टीकरण कोण ऐकतो? खुर्च्या सरकल्या. चाळीचे मालक, तेच मंडळाचे अध्यक्ष, थेट माझ्याकडे आले. "वैनी, यो काय चाललाय? माइक कनी बंद केला? आता मानसं उठली तं मी कोनाकोनाला आवरू?"

मी लॅपटॉपवर बटणं शोधत होते आणि माझी बोटं माझं ऐकत नव्हती. तेवढ्यात नवरा वाकला, मिक्सरच्या पाठीतली माझी वायर त्यानं हिसडा देऊन उपटली आणि बुवांचा फेडर वर नेला. तो वर राहिला.

"बुवांनू," मोठ्या बुवांचा आवाज मांडवभर घुमला, "माझ्या पेटयेत हवा आसा. पन ती मी भजनाक वापरतंय. तुमच्यासारखी मांडवात सोडूक नाय!" अशा काही टाळ्या पडल्या की पहिले बुवासुद्धा हात जोडून हसले. खुर्च्या पुन्हा जागेवर आल्या. अध्यक्ष घाम पुसत गेले.

गवळण पुढे चालू झाली. नवरा डावा हात इकडून तिकडे नेत होता, एकट्या हातानं दोन बाजू धरत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते मी तुला सांगायलाच विसरलो. बसलेल्या बुवाच्या फेडरवर माझा एक हात कायम असायचा. तो कधी तोंड उघडेल याचा नेम नसतो." झांजांचा माइक जरा खाली घेत म्हणाला, "उजवा असायचा. तो आपसूक करायचा. मला कधी त्याचा विचारच करावा लागला नाही."

सात जन्मांत मला हे सुचलं नसतं, आणि त्याला ते माहीत असूनही सांगता आलं नव्हतं, कारण जे सांगायचं ते त्या निजलेल्या हाताकडे होतं.

"आणि ती राखण," तो म्हणाला, "माझ्या हातासाठी घातलीस ना?"

"हो."

"मला विचारायचंस की."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. मला स्वतःचाच असा राग आला की डोळ्यांपुढे अक्षरं पुसट झाली. पण रडत बसायला वेळ नव्हता. पहिली बारी संपायच्या आत काहीतरी करायला हवं होतं, कारण बारी बदलताना दोन हातांची कामं येणार होती आणि वायर तर बाहेर लोंबकळत होती.

मी राखण काढून टाकली. ते सोपं होतं. अवघड पुढेच होतं. माझं सॉफ्टवेअर वायर जोडल्याबरोबर आपल्या मनातली मांडणी मिक्सरवर लादायचं. म्हणजे आता जोडलं असतं तर त्यानं मोठ्या बुवांचा माइक पुन्हा पाडला असता, आणि या वेळी खुर्च्या सरकल्या नसत्या, उडाल्या असत्या. तेव्हा जोडल्यावर सांगायचं नाही, आधी मिक्सरला विचारायचं, बाबा, तुझे फेडर आत्ता कुठे आहेत? आणि तो सांगेल ते मुकाट्यानं मान्य करायचं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तिकडे अभंग सुरू झाला होता, पखवाज भरात आला होता, शेजारच्या बायका टाळ्यांनी ताल धरत होत्या, आणि मी त्या तालातच टाइप करत होते. मधे नवरा एवढंच म्हणाला, "बारी बदलताना बसणाऱ्या बुवाचा माइक तेवढा सोडून दे. तो माझ्याकडे."

पहिल्या बुवांनी शेवटचा गजर घेतला.

"लावायची वायर?" त्यानं विचारलं.

"लाव."

"खात्री आहे?"

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलण्याइतकं बळच उरलं नव्हतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि वाकून वायर स्वतः खुपसली. आम्ही दोघं फेडरांकडे बघत राहिलो. एकही जागचा हलला नाही. त्यानं टॅबलेटवर बारी बदल दाबलं. एक बाजू सावकाश खाली गेली, दुसरी वर आली, आणि बसणाऱ्या बुवांचा एकच फेडर वर राहिला, एकटाच. त्यावर त्यानं डाव्या हाताचं एक बोट ठेवलं. दुसऱ्या बारीत पहिल्या बुवांनी तीनदा तोंड घातलं, आणि तिन्ही वेळा पहिला शब्दसुद्धा वाया गेला नाही. दोन हातांचं काम आलं की तो अंगठा टॅबलेटवर टेकवायचा आणि लगेच हात फेडरांवर परत न्यायचा. माझ्याकडे बघणं त्यानं कधी सोडलं ते मला कळलंसुद्धा नाही.

दहाच्या आत सामना आटोपला. कोण जिंकलं यावर मांडवात दोन मतं होती, ती तशीच घरी गेली. अध्यक्ष नारळ घेऊन पुन्हा माझ्याकडेच आले. "वैनी, फुडल्या वर्सी पन मशीनवर तुमीच या हां. भारी झाला." मी तोंड उघडायच्या आत नवऱ्यानं डावा हात पुढे करून नारळ घेतला आणि म्हणाला, "मशीनवर मी होतो. येईन पुढच्या वर्षी."

घरी जाताना टेम्पोत, उलव्याच्या फाट्यापुढे आल्यावर तो म्हणाला, "पुढच्या रविवारी पनवेलला भजन आहे. तू नको येऊस."

"का? मी काय केलं?"

"काही नाही केलंस. तू शेजारी असलीस की माणसं मिक्सर तुझा समजतात. मलापण मग तसंच वाटायला लागतं."

मी गिअर असा टाकला की मागे स्पीकर आदळले. इतके महिने मी खपायचं, आणि घरी बसायचं कुणी, तर मी! त्याच वेळी मला हेही कळत होतं की हे ऐकण्यासाठीच मी खपले होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्यामुळे मी घर येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

रविवारी टेम्पोला ड्रायव्हर सांगितला. नवरा त्याच्याबरोबर गेला. मी घरी राहिले. भांडी घासलेली होती ती पुन्हा घासली. फोन उशाशी, फोन ओट्यावर, फोन हातात. अडकला तर करेल. थिजलं मशीन तर करेल. फोन आला नाही. एकदा मीच नंबर काढला आणि लावला नाही, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मला ते जड गेलं.

तो आला, हातपाय धुतले, पानावर बसला. डाव्या हातानं भात कालवायला लागला. मी वाढत राहिले. शेवटी राहवेना, म्हणून विचारलं, "सॉफ्टवेअर कसं चाललं?"

त्यानं घास थांबवून खरंच आठवून पाहिलं.

"लक्षातच नाही आलं गं," तो म्हणाला. "पेटीवाला इतका सुरेख वाजवत होता."

मी आत गेले, पोटभर रडले आणि बाहेर येऊन त्याला ताक वाढलं.